मेसनमधलं 'ऑटो' फीचर, बरेच महिने वापरल्यावर

आमचं काम म्हणजे रावेर-यावलकडच्या केळीच्या व्यापाऱ्यांना हिशोबाचं सॉफ्टवेअर देणं. त्यात पायथनसाठी सी मध्ये लिहिलेलं एक एक्स्टेंशन आहे, ओपनएसएसएल (एन्क्रिप्शनची लायब्ररी) असेल तर ते बॅकअप एन्क्रिप्ट करतं, नसेल तर साधी झिप. मागच्या उन्हाळ्यापासून जळगावच्या ऑफिसात ते मेसननेच (सोर्स कोडपासून प्रोग्राम तयार करायचं टूल) बिल्ड करतोय.

टूल मस्तच आहे, त्यात वाद नाही. ऑप्शनच्या फाइलमध्ये 'क्रिप्टो' नावाचं फीचर टाकायचं, ते एनेबल्ड, डिसेबल्ड किंवा ऑटो ठेवता येतं, आणि डिपेंडन्सी (म्हणजे लागणारी बाहेरची लायब्ररी) शोधताना 'रिक्वायर्ड' या सेटिंगला तेच ऑप्शन द्यायचं, झालं काम. डिसेबल्ड केलं की लायब्ररी मशीनवर असली तरी शोधत नाही.

डोकेदुखी सगळी ऑटोची. लायब्ररी सापडली तर घेतो, नाही तर गुपचूप पुढे. नवीन उबंटू मशीनवर ओपनएसएसएल होतं पण लिबएसएसएल-डेव्ह (त्यावर कोड बिल्ड करायला लागणारं पॅकेज) नव्हतं, म्हणजे सी ला लागणाऱ्या हेडर फाइल नाहीत आणि लायब्ररी कुठे आहे ते सांगणारी पीकेजी-कॉन्फिगची फाइलपण नाही, मग सेटअपच्या ढीगभर ओळींत एक 'फाउंड: नो' येऊन गेलं आणि बिल्ड पास! कळलं कधी, तर एका व्यापाऱ्याच्या मुनीमचा फोन आला, "भो, हे पासवर्डच मागून नाही राहिलं." पेनड्राइव्हवर अख्खी उधारी उघडी.

आणि एक. ओपनएसएसएल 1.1.1 चा फुकट सपोर्ट 11 सप्टेंबर 2023 लाच संपला, म्हणून डिपेंडन्सीत 3.0 किंवा पुढचं अशी अट टाकली. पण ऑटो असेल तर जुनं व्हर्जनसुद्धा 'सापडलं नाही' यातच जमा, एरर नाही काही नाही, म्हणजे अट घालून उलट फीचरच गायब (हे डिझाइनप्रमाणेच आहे, बग नाही, पण ताप तर होतोच ना).

आता रिलीजच्या स्क्रिप्टमध्ये एनेबल्ड ठोकून दिलंय, लायब्ररी नसली की सेटअप तिथेच थांबतो. सोबत डिसेबल्डचा वेगळा बिल्डपण रोज चालवतो, कारण इफडेफच्या (फीचर आहे की नाही ते पाहून कोड निवडणारी सी मधली अट) एल्समधला कोड एरवी कंपाइलच होत नाही, आणि तिथे एक व्हेरिएबल कधीचं मोडून पडलेलं निघालं. ऑटो फक्त स्वतःच्या लॅपटॉपवर. तरी वापरणारच असाल तर समरी फंक्शन लावून शेवटी क्रिप्टो येस की नो ते छापून घ्या, निदान नजरेला तरी पडेल.