भांडण चालू आहे तोवरच जा : लातूरमधल्या एका समुपदेशन केंद्राचा अनुभव

लातूरला औसा रोडच्या बाजूला एका मॅडमचं विवाह समुपदेशनाचं केंद्र आहे. २०२४ च्या दिवाळीनंतर मी आणि माझे मिस्टर तिथे जाऊ लागलो, अजूनही अधूनमधून जातो. केंद्राचं नाव मुद्दाम देत नाही. लातूर कितीही वाढलं तरी औसा रोडला उभं राहिलं की ओळखीचं कोणीतरी भेटतंच. नाव लिहिलं तर त्या जिन्यावर दिसणाऱ्या प्रत्येक जोडप्याकडे लोक वेगळ्या नजरेनं बघतील. पण तिथे काय होतं, कोणी जावं आणि कोणी जाऊ नये, हे सविस्तर लिहिते. तुमच्या गावात असं केंद्र शोधताना उपयोगी पडेल. पाचपैकी चार गुण देते. एक का कापला तेही खाली येईल.

मी जिल्हा परिषद शाळेवर शिक्षिका आहे. मिस्टरांचं निलंग्याला कृषी सेवा केंद्र आहे. मुलगी दहावी झाली आणि नीटच्या तयारीसाठी तिला लातूरला क्लास लावला. तिला होस्टेलला ठेवायचं मला पटेना, म्हणून मी इथे खोली केली आणि इथूनच शाळेला जाऊन-येऊन करू लागले. मिस्टर निलंग्यालाच राहिले, आत्याबाईंपाशी, म्हणजे माझ्या सासूबाईंपाशी. लातूर पॅटर्नचं कौतुक सगळ्या महाराष्ट्राला आहे. त्यापायी किती घरांच्या दोन चुली झाल्यात, ते आमच्या गल्लीत येऊन बघावं. एकेका बिल्डिंगमध्ये चार-चार आया लेकरांना घेऊन राहतात, आणि नवरे अहमदपूरला, परळीला, देगलूरला.

आमचं भांडण खरं तर एकच होतं, फक्त रोज नवं निमित्त काढून यायचं. कधी खोलीभाडं, कधी क्लासची फी, कधी रविवारी कोणी कोणाकडे यायचं. कुठूनही सुरू झालं तरी शेवट ठरलेला. ते म्हणायचे, "तुला आता माझी गरज राहिली नाही." मी म्हणायचे, "तुम्हाला माझा पगार लागतो, मी लागत नाही." मग अबोला. आधी एखाद-दोन दिवसांचा, पुढे आठवडा-आठवडा. मुलगी मधे निरोप पोचवायला लागली. "पप्पाला सांग, सिलिंडर संपलंय." "मम्मीला विचार, आजीनं धपाटे केलेत, पाठवू का." मांडीवर बायोलॉजीचं पुस्तक आणि हातात फोन, असं ती पोर आमचा संसार चालवत होती. मला तेव्हा सगळ्यात जास्त याचीच भीती वाटली.

आपल्याकडे अशा वेळी माणसं बसवतात. आमच्यासाठीही बसवली. मिस्टरांचे मामा, थोरले दीर, माझा भाऊ, गावातले एक जाणते गुरुजी. चहा झाला, दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि निकाल लागला : पोरीचं शिक्षण महत्त्वाचं आहे, बाईनं जरा नमतं घ्यावं, त्यानं रागाला आवर घालावा. माणसं चांगली, कामधंदा सोडून आलेली, त्यांच्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण निकाल लागला की कोणीतरी जिंकतं आणि कोणीतरी हरतं, आणि हरलेल्या माणसालाच त्या रात्री ताटं वाढावी लागतात. शिवाय दिरांपुढे, मामांपुढे पैशाचं खरं कोण बोलणार? उधारीचा शब्दही मिस्टरांच्या तोंडून तिथे निघाला नाही.

समुपदेशनाचं शाळेतल्या एका मैत्रिणीनं सुचवलं. मिस्टरांचं पहिलं उत्तर होतं, "आपल्याला काय येड लागलंय का? कशाला जायचंय तिथं?" मी एवढंच म्हणाले, "एकदा या. नाही पटलं तर मी परत विषय काढणार नाही." आले.

केंद्र पहिल्या मजल्यावर आहे, खाली रक्त-लघवी तपासणीची लॅब. दोनच खोल्या. बाहेर चार खुर्च्या, आत मॅडमची बसायची खोली. मधे टेबल नाही, तिघांच्या खुर्च्या गोलात. तासाभराचे १००० रुपये घेतात, पावती मिळते. पहिल्या भेटीत दोघांना एकत्र बसवलं आणि त्यानंतर एकेकट्याला. आत काय बोललो ते बाहेर जाणार नाही, आणि एकानं एकट्यात सांगितलेलं, त्याची परवानगी असल्याशिवाय दुसऱ्याच्या कानावर घालणार नाही, हे त्यांनी आधीच स्पष्ट केलं.

एकटीला बोलावल्यावर मॅडमनी आडपडदा न ठेवता विचारलं. घरात हात उगारला जातो का? नवऱ्याची भीती वाटते का? पगार किंवा फोन काढून घेतला जातो का? जिवाचं बरंवाईट करावं असं कधी मनात आलं का? आमच्यात तसं काही नव्हतं. मी विचारलं, सगळ्यांनाच हे विचारता का? त्या म्हणाल्या, सगळ्यांना. कारण जिथे मारहाण चालू आहे तिथे त्या दोघांना एकत्र बसवतच नाहीत. खोलीत बाई खरं बोलते आणि त्याची किंमत घरी गेल्यावर मोजते. हे वाक्य मी विसरू शकत नाही. म्हणून वाचणाऱ्या बहिणींना हात जोडून सांगते : मार खात असाल तर "जोडीनं समुपदेशन घ्या, सगळं नीट होईल" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. तुमच्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, त्याखाली संरक्षण अधिकारी आहेत, १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. आधी सुरक्षित व्हा.

आता ज्या एका तासानं आम्हाला वळण दिलं त्याबद्दल. मॅडमची रीत साधी होती. एकानं बोलायचं. दुसऱ्यानं उत्तर द्यायच्या आधी, जे ऐकलं ते परत सांगायचं आणि "हेच म्हणायचं होतं का?" असं विचारायचं. समोरचं माणूस हो म्हणालं तरच आपली पाळी.

मी म्हणाले, "पगाराच्या दिवशी तुमचा फोन येतो आणि पहिला प्रश्न असतो, किती उरतेत. मी शाळा करून, स्वयंपाक करून, हिचा क्लास सुटायची वाट बघत रस्त्यावर उभी असते. जेवलीस का, असं कोणी विचारत नाही."

मिस्टर म्हणाले, "तिचं म्हणणं आहे, मी तिच्या पैशावर डोळा ठेवतो."

मॅडम म्हणाल्या, "त्या असं म्हणाल्या नाहीत. पुन्हा सांगा, सर."

"तिला वाटतं, मी बायकोच्या जिवावर बसून खातो."

"हेही त्या म्हणाल्या नाहीत."

मिस्टरांनी खिशातला पेन काढला, टोपण काढलं, परत बसवलं. बराच वेळ गेला. मॅडमनी मधे एक शब्दही टाकला नाही. मग ते म्हणाले, "ती थकलेली असते. आणि मी आधी पैशाचं विचारतो." आणि माझ्याकडे वळून, "हेच म्हणायचं होतं का?" मला मान हलवण्यापलीकडे काही करता आलं नाही.

त्यांची पाळी आली तेव्हा उधारीची वही निघाली. खरीप लागला की शेतकरी बी-खत-औषध उधारीवर नेतो आणि सोयाबीन विकलं की दिवाळीच्या आगंमागं पैसे देतो. त्या वर्षी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४८९२ रुपये होता आणि आडतीत भाव त्याच्या बराच खाली. लोकांनी माल घरात ठेवला, उधारी तुंबली. डिस्ट्रिब्युटरचा तगादा मात्र तुंबत नाही. मिस्टर म्हणाले, "सप्टेंबर लागला की मला झोप येत नाही. तुला सांगावं तर तू म्हणशील, दुकान बंद करा. माझ्या वडलानं टाकलेलं दुकान हाय ते." हे मी त्यांना शब्दाशब्दानं परत सांगितलं. वहीतला खरा आकडा लग्नाला इतकी वर्षं होऊन मला त्या खोलीत पहिल्यांदा कळला. मॅडमनी कोण बरोबर, कोण चूक यावर अवाक्षर काढलं नाही. बैठकीत आणि इथे फरक पडतो तो हाच.

पुढे एकदा त्यांनी जॉन गॉटमन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाच्या कामाबद्दल सांगितलं. नवरा-बायको वादाच्या विषयावर बोलत असताना त्यांचं चित्रीकरण करून ह्या माणसानं वर्षानुवर्षं अभ्यास केला. नातं पोखरणाऱ्या चार सवयी त्यानं सांगितल्या : माणसाच्या स्वभावावरच घाव घालणारी टीका, तुच्छतेनं बोलणं, सतत स्वतःचा बचाव, आणि भिंतीसारखं गप्प होणं. त्यात सगळ्यात घातक तुच्छता. मॅडम म्हणाल्या, तुम्ही दोघं तोडून बोलता, गप्प बसता, पण एकमेकांना हिणवत नाही, म्हणून मला आशा आहे. मला त्या दिवशी फार धीर आला.

घरी करायला दोनच गोष्टी दिल्या. मुलीच्या तोंडून एकही निरोप नाही, अबोला असला तरी फोन स्वतः करायचा. आणि रविवारी जेवण झाल्यावर अर्धा तास दोन्ही घरांचा हिशोब एका वहीत. दुसरी गोष्ट आम्हाला जड गेली, सुरुवातीला त्या अर्ध्या तासातच नवी भांडणं लागली. पहिलीचा गुण मात्र लगेच आला. एका रात्री मुलगी म्हणाली, "मम्मी, आता मला तुमचे फोन नाहीत, अभ्यास होतोय." भांडणं आजही होतात. पण ती ज्या गोष्टीवरून लागली त्याच गोष्टीवर संपतात.

एक गुण कशासाठी कापला? केंद्र रविवारी बंद. ज्यांचं दुकान आहे किंवा शाळा आहे, त्या दोघांनी मिळून आठवड्यातली दुपार कशी काढायची? मिस्टरांना ऐन हंगामात शटर ओढून यावं लागलं. दुसरं, बाहेरच्या खुर्च्या जिन्याला लागूनच आहेत, खाली लॅबला येणाऱ्या माणसाला वरचं दिसतं. एक पडदा लावला तरी पुष्कळ होईल. हे मी मॅडमना बोलून दाखवलंय.

मॅडम काय शिकल्या आहेत ते आम्ही आधी विचारलं, तुम्हीही विचारा. समुपदेशक अशी पाटी लावलेल्यांमध्ये नीट शिकलेले आहेत तसे चार दिवसांचा कोर्स केलेलेही आहेत. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तो नंबर मागायला संकोच करू नका. पहिल्याच दिवशी पत्रिका मागणारा, खडा सुचवणारा, किंवा "बाईनं ॲडजस्ट केलं की झालं" म्हणणारा असेल तर उठून या.

कधी जावं? तेच भांडण तिसऱ्या-चौथ्यांदा त्याच जागी येऊन थांबलं की. अबोल्याचे दिवस वाढायला लागले की. लेकरं मधे ओढली गेली की. घर बदलणार, बदली होणार, सासू-सासरे राहायला येणार, मूल झालं, धंदा बसला, अशा वेळी तर भांडण लागायच्या आधीच एकदा बसून यावं. पुष्कळ जोडपी वकील गाठल्यावर समुपदेशकापाशी पोचतात. कौटुंबिक न्यायालयातही समुपदेशक असतात. १९८४ च्या कायद्यानं ती सोय केली आणि समेटाचा प्रयत्न करणं हे न्यायालयाचं कामच ठरवलं. त्याला फी नाही आणि तिथे जुळलेली घरंही आहेत. पण तोवर एकमेकांवरचे आरोप टाइप होऊन कागदावर गेलेले असतात, दोन्हीकडची माणसं पेटलेली असतात. त्या मानानं आमच्यासारखी, रागानं का होईना पण अजून बोलणारी जोडपी लवकर सावरतात, असं मॅडमचं म्हणणं, आणि मला ते पटतं.

समुपदेशन म्हणजे काहीही करून संसार टिकवणं, असंही समजू नका. मॅडमनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, वेगळं व्हायचं ठरलं तरी लेकरांची फरफट न होता कसं व्हायचं, याचंही काम इथे होतं.

मैत्रिणी मला सारखं विचारतात, आमचे मिस्टर येणारच नाहीत, मग काय करायचं? एकटीनं जा. मॅडम एकट्यालाही वेळ देतात, फी थोडी कमी आहे. मात्र न आलेल्या माणसाबद्दल त्या मत देत नाहीत, तुम्ही काय बोलता आणि कसं बोलता यावरच काम होतं. वेळ आधी फोन करून घ्यावी लागते, आणि पहिल्या भेटीला दीड तास हाताशी ठेवून जा.