सातेरी की मेलिफेरा? अकरा महिने दोन्ही सांभाळल्यावर

गेल्या ऑक्टोबरात जावळी तालुक्यातल्या आमच्या शेताच्या बांधावर चार मधपेट्या मांडल्या, दोन सातेरीच्या आणि दोन मेलिफेराच्या. सातेरी ही मधमाशी इथल्या डोंगरातलीच. मेलिफेरा युरोप-आफ्रिकेकडची, आपल्या देशात ती 1960च्या दशकात हिमाचलमधल्या नगरोटा बगवानला रुजली.

मधात मेलिफेरा पुढे, यात वादच नाही. जांभळाच्या फुलोऱ्यात तिने पेटीमागे नऊ किलो दिला, सातेरीने जेमतेम साडेतीन. मेलिफेरा हाताळायलाही शांत. सातेरी झाकणाला जरा धक्का लागला की फ्रेम (पोळ्याची चौकट) सोडून कोपऱ्याकडे धावते, राणी शोधता शोधता नाकी नऊ येतात.

पण आमच्याकडचा पावसाळा मेलिफेराला झेपला नाही. जूनपासून फुलं नाहीत. सातेरीने पिल्लावळ आवरती घेतली आणि थोड्या साखरपाण्यावर भागवलं. मेलिफेराला कितीही पाक द्या, चार दिवसांत भांडं कोरडं. त्यातच व्हरोआ लागला. टाचणीच्या डोक्याएवढा हा तांबूस परजीवी खरं तर सातेरीचाच जुना सोबती. सातेरीकडे तो पोळ्यातल्या नरांच्या पिल्लांच्या घरांतच वाढतो, आणि अंगावर बसला तर माश्या एकमेकींना साफ करतात. मेलिफेराकडे तो कामकऱ्यांच्या घरांतही वाढतो, त्यामुळे पंख वाकडे झालेल्या माश्या दारात पडू लागल्या. ऑगस्टमध्ये एक पेटी गेली. फार वाईट वाटलं.

गांधीलमाशीपुढेही हाच फरक. सातेरीच्या माश्या दारात एकदम थरथरतात, आणि ती जवळ आलीच तर तिच्याभोवती गोळा करून अंगच्या उष्णतेने तिला मारतात. जपानमधल्या याच जातीच्या गोळ्यात तापमान 46 अंशांच्या आसपास जातं. मेलिफेराच्या दारातून मात्र गांधीलमाशी रोज एकेक माशी उचलून न्यायची.

दारात बसून बघण्यासारखं आणखी एक: मेलिफेरा तोंड पेटीकडे करून पंख हलवते, आतली हवा बाहेर काढते. सातेरी तोंड बाहेर करून बाहेरची हवा आत ढकलते. घरातली मुलंही आता यावरून पेटी ओळखतात.

सातेरीचा मोठा दोष म्हणजे ती टिकून राहत नाही. मेणकिडा (पोळं खाणारी अळी) लागला, उपासमार झाली की अख्खी वसाहत उठून जाते. श्रावणात आमची एक गेलीच. पेटीची तळफळी वेळेवर साफ केली असती तर कदाचित राहिली असती.

सूर्यफूल, मोहरीमागे पेट्या घेऊन फिरणाऱ्याने मेलिफेराच घ्यावी. आम्ही एका जागी राहणारे, यंदा चारही पेट्या सातेरीच्या करणार. रिकामी पेटी आतून मेण चोळून हिरड्याखाली ठेवली आहे. परवापासून चार-पाच सातेरी माश्या तिच्या दारातून आत-बाहेर करताहेत.