वीज वाचवणाऱ्या खिडक्या आणि बंद खोलीतली हवा

पुण्यातील आमच्या सर्वांत वरच्या मजल्यावरील सदनिकेत एका स्थानिक कंत्राटदाराकडून दुहेरी काचेच्या यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकच्या चौकटींच्या) खिडक्या बसवून घेतल्या आणि गच्चीवर उष्णता परावर्तित करणारा पांढरा लेप लावून घेतला. कामाची सफाई उत्तम आहे; एप्रिलच्या दुपारी छत पूर्वीसारखे तापत नाही आणि एसी कमी वेळ चालवावा लागतो.

परंतु घर इतके हवाबंद केल्यावर ताजी हवा कुठून येणार, याचा विचार झालाच नव्हता. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दशलक्ष भागांत साधारण ४२० असते. आमच्या बंद शयनगृहात मात्र पहाटे मीटरवर १,९०० चा आकडा दिसला. पूर्वी फटींतून निघून जाणारी आंघोळीची आणि स्वयंपाकाची वाफ आता घरातच कोंडली, आणि पावसाळ्यात सासूबाईंच्या कपाटामागे काळ्या बुरशीचे ठिपके उमटले. त्यांना दम्याचा त्रास असल्याने याचे मला फार वाईट वाटले.

तक्रारीनंतर कंत्राटदाराने चौकटींत उघडझाप करता येणारे अरुंद झरोके बसवले. स्वयंपाकघरातील चिमणी हवा गाळून पुन्हा घरातच सोडत होती आणि गॅसच्या ज्वाळेतून निघणारा नायट्रोजन डायऑक्साइड तिने जात नव्हता, म्हणून नळीने थेट बाहेर हवा सोडणारी चिमणी आम्ही लावली. आता पहाटेचा आकडा ८०० च्या आसपास राहतो. झरोके आणि चिमणीची नळी यांचा उल्लेख दरपत्रकात आधीच लिहून घ्यावा. आमच्या नव्या चौकटींना पुन्हा खाचा पाडाव्या लागल्या.