ईएसआयच्या कार्डवर बघणारे आमचे पॅनल डॉक्टर, माझा अनुभव

पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापलं जातं हे सगळ्यांना माहितीये पण साधा ताप आला तर त्या कार्डवर नेमकं कोणाकडे जायचं हे मला पहिली दोन वर्षं माहीतच नव्हतं. माझा पगार १८,०००, म्हणजे महिन्याला माझे ०.७५ टक्के १३५ रुपये आणि कंपनीचे ३.२५ टक्के ५८५ रुपये जातात, आणि एवढं भरून मी परत गल्लीतल्या दवाखान्यात रोख देऊन गोळ्या आणायचे.

कंपनीत लागले तेव्हा एचआरने ऑनलाईन नोंदणी करताना पॅनल डॉक्टर (ईएसआयच्या यादीतला खाजगी डॉक्टर) म्हणून कोणाचं तरी नाव टाकून दिलं, मला विचारलं नाही आणि मलाही विचारायचं सुचलं नाही. त्या पहिल्या डॉक्टरांचं नाव लिहीत नाही. आईचं बीपी दाखवायला गेलो तर कंपाउंडर म्हणाला कार्डवाले बाजूला बसा, आणि नंतर आलेले रोखवाले आत जात राहिले, दीड तासाने आमचा नंबर लागला, डॉक्टरांनी बीपीचा पट्टासुद्धा बांधला नाही, आहेत त्याच गोळ्या चालू ठेवा म्हणाले. मला जास्त लागलं ते आईचं बोलणं. बाहेर आल्यावर म्हणाली, जाऊ दे गं, आपण फुकट येतो ना. अगं आई फुकट नाहीये ते, दर महिन्याला माझ्या पगारातून जातंय!

असं का होतं ते नंतर कळलं. पॅनल डॉक्टरला दर व्हिजिटची फी मिळत नाही, नोंदवलेल्या कार्डामागे वर्षाची ठरावीक रक्कम मिळते, तुम्ही वर्षात एकदा जा नाहीतर दहादा जा. म्हणून काही जण कार्डवाल्याला लवकर वाटेला लावतात. कारण समजलं तरी मला ते पटलेलं नाही, वयस्कर माणसाला असं ताटकळत ठेवायचं नसतं.

आत्ताचे डॉक्टर कंपनीच्या बसमध्ये एका ताईंनी सांगितले. पण या वेळी मी आधी नुसती जाऊन बसले, अर्धा तास बघत होते. सगळ्यांना एकच नंबर, कार्डवाला रोखवाला असं काही नाही, एक म्हातारे गृहस्थ कार्ड घेऊन आले होते त्यांच्यानंतरच रोखवाली बाई आत गेली. दुसऱ्या दिवशी एचआरच्या मॅडमना सांगून डॉक्टर बदलून घेतला. बदलता येतो हेच खूप जणांना माहीत नसतं म्हणून मुद्दाम लिहितेय.

पहिल्याच दिवशी डॉक्टरांनी ई-पहचानची, म्हणजे ईएसआयच्या ऑनलाईन ओळखपत्राची प्रिंट मागितली आणि घरातल्या सगळ्यांची नावं एकेक करून वाचली. आईची जन्मतारीख कार्डवर एक आणि आधारवर दुसरी होती, ते म्हणाले हे आत्ताच दुरुस्त करून घ्या, उद्या ॲडमिट करायची वेळ आली तर तिथे धावपळ होईल. मग आईचं बीपी दोन्ही हातांवर घेतलं, गोळी जेवणाआधी घेता की नंतर, मीठ किती खाता, पाय सुजतात का, सगळं विचारलं. आई घरी येईपर्यंत त्याबद्दलच बोलत होती. आता दर महिन्याला ती एकटी जाते, मला सुट्टी टाकावी लागत नाही.

मागच्या पावसाळ्यात मला टायफॉइड झाला तेव्हा तर खरी किंमत कळली. ११ दिवस घरी होते. रजेचं सर्टिफिकेट त्यांनी त्या त्या तारखेला दिलं, शेवटी फिटनेसही दिलं, आणि आजारपणाचे पैसे मिळतात हे मला त्यांच्याकडूनच कळलं. आधीच्या ठरलेल्या सहा महिन्यांत ७८ दिवसांची कपात झालेली असली की सरासरी रोजाच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत, फक्त पहिले दोन दिवस धरत नाहीत. माझा रोज ६०० धरला तर ४२० प्रमाणे नऊ दिवसांचे ३,७८०, घरात पगार कापून आलेला असताना हे खूप असतात हो. बँक खातं आधीच जोडलेलं ठेवा.

एक गोष्ट गोंधळ होऊ नये म्हणून. आयुष्मान कार्ड किंवा महात्मा फुले जन आरोग्य योजना घेऊन या डॉक्टरांकडे जाऊ नका, शेजारच्या काकू गेल्या आणि परत आल्या. त्या योजना हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाल्यावरच्या आहेत, सर्दीतापाच्या तपासणीला चालत नाहीत. आणि ईएसआय साधारणपणे २१,००० पर्यंत पगार असलेल्यांना लागू होतं.

कमी काय आहे तर क्लिनिकचा फोन कोणी उचलत नाही, रविवारी बंद, आणि संध्याकाळी सात वाजता गेलात तर पहिली पाळी सुटलेले सगळे तिथेच असतात, बसायला जागा नसते. मोठ्या तपासण्यांना विम्याच्या हॉस्पिटलचं पत्र देतात आणि तिथे अख्खा दिवस जातो, त्यात यांचा दोष नाही, उलट पत्रात कुठल्या विभागात जायचं ते स्पष्ट लिहून देतात आणि रिपोर्ट घेऊन परत आलं की नीट वाचून समजावतात.

जाणार असाल तर ई-पहचानची प्रिंट, आधार आणि जुने कागद बरोबर न्या. रात्री साडेआठनंतर गर्दी ओसरते, आई तेव्हाच जाते.