कार्बन फायबरचं तोंड लावलेला पीसी: देखणा आहे, खरं वायफाय खातो

रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड या जोडीवर नवीन लिहिण्यासारखं काही उरलेलं नाही. ड्रॉइंगचं काम आणि रात्रीचा एखादा गेम, दोन्ही बिनतक्रार चालतं. लिहायला बसलोय ते कॅबिनेटच्या तोंडावर हातानं करून बसवलेल्या कार्बन फायबरच्या (कार्बनच्या तंतूंचं कापड, रेझिनमध्ये घट्ट केलेलं) पॅनेलवर, कारण पावसाळ्यापासून घरातली निम्मी भांडणं त्याच्यामुळं झाली.

मूळ भांडण वायफायचं. राऊटर हॉलमध्ये, पीसी आतल्या खोलीत, मध्ये बेळगावच्या टिळकवाडीतल्या जुन्या घराची जाड भिंत. तरी आधी ५ गिगाहर्ट्झ, म्हणजे वायफायचा वेगवान पट्टा, व्यवस्थित मिळायचं. पॅनेल बसलं आणि दुपारच्या मीटिंगमध्ये मी गोठायला लागलो. नेटवाल्यांना फोन केला की एकच उत्तर, "सर, आमच्याकडून सिग्नल ओके आहे." त्यांचा माणूस आला, राऊटर बदलला, वायरचे पैसे घेतले आणि गेला. फरक शून्य. बायको म्हणाली, तुमचा पीसीच पनवती आहे. पुढं धूळ काढायला पुढचं पॅनेल उतरवलं, तर सगळ्या कांड्या भरल्या. परत लावलं, गेल्या.

कारण साधं आहे. कार्बन फायबर वीज वाहून नेतं, त्यामुळं रेडिओ लहरी त्यातून आरपार जात नाहीत. लोखंडी कॅबिनेट आधीच चारी बाजूंनी बंद. लहरींना आत यायला प्लॅस्टिकचं तोंड तेवढं उघडं होतं. ज्या पोरानं पॅनेल केलं त्यानंच "काका, मागं काड्या कशाला लोंबत ठेवताय, आत लपवूया की" म्हणून अँटेना त्या तोंडामागं चिकटवला होता. बोईंग ७८७ विमान वजनानं निम्मं कॉम्पोझिटचं, म्हणजे अशाच तंतू आणि रेझिनच्या मालाचं आहे, खरं रडार असलेलं त्याचं नाकाड कार्बनचं नसतं. इथून तासाभराच्या आत असलेल्या हत्तरगीच्या एसईझेडमध्ये विमानाचे भाग बनतात. तिथल्या कुणालाही विचारलं असतं तर चहाच्या कपावर सांगितलं असतं.

आता पोराच्या बाजूनं. हात सोन्याचा आहे. उद्यमबागेत फाउंड्रीचे पॅटर्न करणाऱ्या घरातला, त्यामुळं साचा, ड्राफ्ट (साच्यातून वस्तू सुटावी म्हणून ठेवलेला उतार), मेण लावणं हे त्याला शिकवावं लागत नाही. कापड ३के ट्विल, म्हणजे तिरप्या विणीचं, एका पेडात ३००० तंतू. कापताना कडेला आधी मास्किंग टेप लावायची, नाहीतर कडा उसवत जाते. थर साच्यावर दाबून बसवायच्या व्हॅक्यूमसाठी जुन्या फ्रिजचा कॉम्प्रेसर. इपॉक्सी रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर वजनकाट्यावर. अंदाजानं ओतलेलं रेझिन चिकटच राहतं. सकाळच्या उन्हात विणीचे तिरपे पट्टे जागा बदलतात, ते स्टिकरमध्ये नाही. स्टिकर तीनशे रुपयांत येतो, हे आमच्याकडं रोज ऐकवलं जातं.

जुलैत पॅनेलवर मेणचट पांढरट थर आला तेव्हा मी याला पाचपैकी दोन देणार होतो. लिहूनही ठेवलं होतं. बेळगावच्या पावसात हवा कायम ओली, आणि इपॉक्सी वाळताना त्यातलं हार्डनर त्या ओलाव्याशी खेळ करतं, म्हणून हा थर. पॉलिश पेपर घेऊन धावू नका, थर आत रगडला जातो. आधी कोमट पाणी आणि साबण, पुसून कोरडं, मग घासणं. घासणं बाहेर अंगणात, पीसीपासून लांब, तोंडाला मास्क लावून. ती काळी भुकटी मदरबोर्डवर बसली तर शॉर्ट करते. त्यावर गाड्या रंगवणाऱ्याकडून क्लिअर कोट मारून घेतला, कारण नुसतं इपॉक्सी उन्हानं पिवळं पडतं. आता थर नाही, चमक आहे. दोनाचे चार केले.

पाचवा तारा मिळणार नाही. पोरानं पॅनेल नेलं, अँटेनासमोर तळहाताएवढी खिडकी कापली आणि तिथं काचेच्या तंतूंचं कापड रेझिनमध्ये बसवून काळं केलं. काच वीज नेत नाही, लहरी जातात. ५ गिगाहर्ट्झ परत आलं, मीटिंगा सुरळीत. विणीत तेवढा चौकोन मात्र दिसतो, आणि मला आता दुसरं काही दिसतच नाही. येणारा जाणारा म्हणतो, कुठं आहे, आम्हाला तर कळत नाही.

तुम्ही करणार असाल तर अँटेना मागंच लोंबू द्या. अ‍ॅल्युमिनियमला कार्बन थेट टेकवू नका, ओल्या हवेत अ‍ॅल्युमिनियम गंजतं. स्क्रू स्टेनलेसचे घ्या. पंख्याला हवा यायला बाजूनं फट ठेवायला सांगा, आमच्यात आहे, तापमान वाढलेलं नाही.

क्लिअर कोटचे पैसे मी दिलेत. काचेच्या कापडाचे तो वेगळे मागतोय, ते दिलेले नाहीत. अँटेना आत ठेवायची अक्कल त्याची, तर कापडही त्याचंच. तो म्हणतो, "काका, दिवाळीला बघूया."