मंत्रचळावरचे उपचार: दवाखान्यात जाऊन घ्यावेत की घरून, व्हिडिओवरून?

ओसीडी, म्हणजेच मंत्रचळ (नकोसे विचार पुन्हा पुन्हा येणे आणि त्या भीतीपोटी एखादी कृती वारंवार करत राहणे), हा आजार बहुतेकदा घरातच ठाण मांडून बसलेला असतो. गॅसची शेगडी, दाराची कडी, मोरीतला नळ, देवघरापाशी पाळायचे सोवळे या त्याच्या नेहमीच्या जागा आहेत. म्हणूनच प्रत्यक्ष सत्रे घ्यावीत की व्हिडिओवरून, हा प्रश्न या आजारात केवळ प्रवासखर्चाचा राहत नाही.

या आजारावर सर्वांत भरवशाची मानली जाणारी मानसोपचारपद्धत ईआरपी (एक्सपोझर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन) ही आहे. १९६६ मध्ये मानसशास्त्रज्ञ व्हिक्टर मेयर यांनी लंडनमध्ये केलेल्या कामातून ती पुढे आकाराला आली. भीती जागवणाऱ्या गोष्टीला ठरवून सामोरे जायचे आणि त्यानंतर मन मागत असलेली कृती, मग ते हात धुणे असो, कडी तपासणे असो किंवा मनातल्या मनात जप मोजणे असो, करायची नाही, असे तिचे सूत्र आहे. आता दवाखान्यात टेबलाला हात लावून अर्धा तास तो न धुता बसणारी व्यक्ती घरी येताच बादलीभर पाणी संपवते, असे घडू शकते, कारण दवाखान्यात काही विपरीत झालेच तर जबाबदारी डॉक्टरांची, अशी तिच्या मनाने सोय करून घेतलेली असते.

घरच्या सत्रात ही सोय बरीच कमी होते. फोन साखरेच्या डब्याला टेकवलेला असतो, रात्रीची भांडी आवरून झालेली असतात, शेगडीची बटणे एकदाच बंद करून रेग्युलेटरकडे पुन्हा न बघता दिवा मालवायचा असतो, आणि उंबऱ्यावर पाय अडतो त्याच क्षणी पलीकडून आवाज येतो, “भीती आहे तशी राहू द्या, मागे वळू नका.” ‘कडी लावली ना गं?’ या प्रश्नाला दहाव्यांदा ‘हो’ म्हणणारी आईही तिथेच सापडते आणि तिचे ते मायेचे उत्तर आजाराला कसे खतपाणी घालते, हे तिला समजावता येते. माझ्या मते दूरस्थ उपचाराची खरी ताकद इथे आहे. ईआरपी येणारे तज्ज्ञ मोजक्या शहरांत असल्याने रत्नागिरी किंवा गडचिरोलीहून दर आठवड्याला एक दिवसाची मजुरी बुडवून जाणे टळते, हा लाभही लहान नाही. परदेशातल्या मराठी माणसाने मात्र उपचारकाला तिथला परवाना लागतो का, हे आधी विचारावे.

तरीही दोन खोल्यांच्या घरात, सासूबाई भिंतीपलीकडे असताना, मनात येणारे हिंसक किंवा लैंगिक विचार उच्चारताच येत नाहीत; अशा व्यक्तीला दवाखान्याचे बंद दारच हवे. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर पुसले जाणारे हात उपचारकाला दिसत नाहीत. सत्र संपल्यावर ‘हे ठीक आहे ना?’ असे संदेश पाठवत राहणे, हेही कडी तपासण्याचेच दुसरे रूप होय.

निदान आणि औषधे यांसाठी पहिली भेट शक्यतो प्रत्यक्ष घ्यावी, जरी २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी डॉक्टरांना दूरस्थ सल्ल्याची वाट मोकळी केली आहे. एसएसआरआय गटातील (या आजारात नेहमी दिल्या जाणाऱ्या) औषधांचा गुण यायला आठ ते बारा आठवडे लागू शकतात, हे समोर बसून ऐकलेले अधिक टिकते. विटाळाच्या भीतीने जेवण सुटले असेल, खोल नैराश्य असेल किंवा जीव देण्याचे विचार येत असतील, तर व्हिडिओवर विसंबून राहू नये, तातडीने प्रत्यक्ष मदत घ्यावी. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आधारासाठी आहे, ईआरपीच्या जागी नाही.

दोन्हींपैकी काहीही निवडले, तरी उपचारकाला एक प्रश्न जरूर विचारावा: “सत्रात तुम्ही माझ्याकडून भीतीला सामोरे जाण्याचा सराव प्रत्यक्ष करून घेणार, की आपण त्यावर फक्त बोलणार?” उत्तर ‘फक्त बोलणार’ असे आले, तर दुसरा उपचारक शोधावा.