रोज तेच काम आणि प्रोजेक्टचं सॉफ्टवेअर: भोसरीतल्या मशीन शॉपमधला दीड वर्षाचा अनुभव

आमचं शॉप भोसरी एमआयडीसीत आहे. गिअरबॉक्सचे शाफ्ट करतो. 14 पार्ट नंबर, 2 शिफ्ट, आणि प्लॅनिंग माझ्याकडे. दीड वर्षापूर्वी मालकांनी प्रोजेक्ट शेड्युलिंगचं एक नावाजलेलं सॉफ्टवेअर घेतलं, 3 लायसन्स. "मॅडम, महिन्याचं सगळं शेड्यूल आता यावरच दिसलं पाहिजे," असं सांगितलं. नाव लिहीत नाही, कारण पुढच्या बहुतेक गोष्टी या जातीच्या कुठल्याही सॉफ्टवेअरला लागू पडतील. तुम्हीही मासिक शेड्यूलवर पार्ट काढणारे असाल आणि असलं काही घ्यायचा विचार चालला असेल, तर आधी हे वाचा.

चांगल्यापासून सांगते. कॅलेंडर फार सुंदर आहे. आल्या आल्या ते शनिवार-रविवार सुट्टी धरून बसतं. आमच्याकडे सुट्टी गुरुवारी. ते बदललं, खंडेनवमीला पूजेनंतर मशीन बंद हे घातलं, पालखीच्या दिवशी जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने गाडी निघणार नाही म्हणून डिस्पॅचला वेगळं कॅलेंडर लावलं. एकदा भरलं की सगळ्या तारखा आपोआप सरकतात. एक्सेलमध्ये हे मी हाताने करायचे आणि दर दोन-तीन महिन्यांनी एखादा गुरुवार चुकायचाच. हीट ट्रीटमेंट आम्ही बाहेरून करून घेतो, तिथली भट्टी गुरुवारीही चालू असते. त्या कामाला आमचं कॅलेंडर लावलं की परतीची तारीख एक दिवस पुढे जाते, म्हणून त्यालाही स्वतःचं कॅलेंडर हवं. पहिल्याच महिन्यात हे जमलं आणि मला वाटलं, झालं काम.

मग लॉट भरायला घेतले. 480 नगांचा एक लॉट. टर्निंगला, म्हणजे लेथवर शाफ्ट तासायला, नगाला 4 मिनिटं, म्हणजे 32 तास. हॉबिंगला (गिअरचे दात कापायला) 5 मिनिटं, म्हणजे 40 तास. सॉफ्टवेअरमध्ये दोन कामं साधी जोडली की पहिलं संपल्याशिवाय दुसरं सुरू होत नाही. झाले 72 तास. आमच्या दोन शिफ्टचे कामाचे 15 तास धरले तर जवळजवळ 5 दिवस. प्रत्यक्षात 480 नग होईपर्यंत हॉबिंगवाला हात बांधून उभा राहत नाही. 60 नगांचा क्रेट भरला की तो पुढे जातो. पहिला क्रेट 4 तासांत भरतो, हॉबिंग तिथून सुरू, म्हणजे दोन्ही मिळून 44 तास. 3 दिवसांच्या आत.

हे बसवता येतं. "सुरुवात ते सुरुवात" अशी जोडणी करायची आणि 4 तासांचं अंतर द्यायचं. पण हे फक्त पुढचं मशीन हळू असेल तेव्हाच खरं. हॉबिंगनंतर डीबरिंग आहे, म्हणजे कापलेल्या दातांच्या कडांवर राहिलेली धारदार बर काढणं, नगाला 3 मिनिटं, लॉटला 24 तास. तिथेही तशीच जोडणी केली आणि पडद्यावर पहिल्या क्रेटनंतर, म्हणजे हॉबिंग सुरू झाल्यावर 5 तासांनी, डीबरिंग सुरू झालं आणि 29व्या तासाला संपलं. हॉबिंग तेव्हा अजून 11 तास चालायचं होतं! जे दात कापलेच नाहीत त्यांची बर काढून झालेली. पुढचं मशीन जलद असेल तर जोडणी शेवटाकडून करावी लागते: हॉबिंग संपल्यावर शेवटच्या क्रेटचे 3 तास, तिथे डीबरिंगचा शेवट. ट्रेनिंगमध्ये हे कुणी सांगितलं नाही. आमचे सेटर काका प्रिंट बघून म्हणाले, "ताई, हे नग आले कुठून?" तेव्हा मला कळलं.

14 पार्ट, प्रत्येकाचे महिन्यात 4 लॉट, प्रत्येक लॉटची 7 ऑपरेशन. 392 ओळी. त्यातल्या निम्म्या जोडण्या अशा विचार करून लावायच्या, आणि इन्सर्ट (हत्याराचं कापणारं टोक) बदलून सायकल टाइम, म्हणजे नगाला लागणारा वेळ, अर्ध्या मिनिटाने कमी झाला की परत तपासायच्या. त्यात रोज सकाळी कोणतं काम किती टक्के झालं ते भरायचं. माझे रोजचे दीड-दोन तास यात जात होते आणि तेवढा वेळ मी शॉपमध्ये नसायचे. प्लॅनिंगवाल्या माणसाने शॉपमध्ये नसणं हे मला फार महागात पडलेलं वाटतं.

मशीनवरचा बोजा आपोआप सारखा करण्याची सोय आहे. आमच्यासारख्यांनी ती वापरू नये, असं माझं ठाम मत. एकाच चकवर (मशीनमध्ये नग पकडणाऱ्या भागावर) चालणाऱ्या दोन पार्टमध्ये सेटिंग 25 मिनिटांत बदलते, चकचे जबडे बदलायचे असतील तर अडीच तास जातात. सॉफ्टवेअरला हा फरक माहीत नाही. ते तारखा बघून एक याचा, एक त्याचा असे लॉट लावत सुटतं.

याचं मूळ मला नंतर सापडलं. असली सॉफ्टवेअर ज्यावर चालतात ती क्रिटिकल पाथची पद्धत (एकमेकांवर अवलंबून कामांची सगळ्यात लांब साखळी शोधून तारखा काढणं) 1950च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत ड्युपाँट कंपनीच्या कामातून आली, रासायनिक कारखाने उभारणं आणि शटडाऊनची दुरुस्ती यासाठी. एकदा सुरू होणारं, एकदा संपणारं काम. माझं काम संपतच नाही. मला रोज किती नग, कोणत्या वेगाने, एवढंच विचारायचं असतं. त्यासाठी त्याहून जुनी लाइन ऑफ बॅलन्स नावाची पद्धत आहे, गुडइयर कंपनीत 1940च्या दशकात निघालेली. आडवे दिवस, उभे एकूण नग, प्रत्येक ऑपरेशनची एक तिरकी रेघ. पुढच्या ऑपरेशनची रेघ मागच्या रेघेला टेकली की तिथे माल संपणार. आता हा तक्ता एक्सेलमध्ये काढून मी टर्निंगच्या खांबावर लावते. शिफ्ट बदलताना ऑपरेटर स्वतःच्या पेनाने त्यावर नग मांडतात. दोन महिन्यांपूर्वी हॉबिंगची रेघ सपाट होत चाललेली त्यांनी माझ्याआधी पाहिली.

सॉफ्टवेअर मात्र काढून टाकलेलं नाही. नवीन पार्टचं डेव्हलपमेंट, म्हणजे ड्रॉइंगपासून फिक्श्चर, सॅम्पल आणि ग्राहकाच्या मंजुरीपर्यंत, त्याच्यावरच चालतं आणि उत्तम चालतं. दिवाळीच्या सुट्टीत 9 मशीनची देखभाल त्यावर आखली. स्पिंडलचं काम क्रेनमुळे अडणार हे 15 दिवस आधी दिसलं. यासाठी मी त्याला 5 पैकी 4 देईन. रोजच्या लॉटसाठी 2, आणि तेही कॅलेंडरचे.

पुढच्या महिन्यात नूतनीकरण आहे. मालकांना सांगितलंय, 3 नको, 1 लायसन्स पुरे. उरलेल्या पैशातून शॉपमध्ये मोठा पांढरा बोर्ड आणि दोन शिफ्टसाठी मार्कर.